६९२ बशांवर उभी असलेली इमारत

इमारतीचा पाया पक्का हवा, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पाया जमिनीत जितका घट्ट रुतलेला, तितकी इमारत भक्कम, असेच कोणीही म्हणेल. पण एका प्रचंड इमारतीच्या बाबतीत अभियंत्यांनी नेमके उलटे केले आहे. ती इमारत जमिनीला घट्ट जखडलेली नाही. ती पोलादाच्या ६९२ मोठ्या बशांवर ठेवलेली आहे, आणि वेळ आली तर ती त्यांवरून चक्क सरकावी, अशी योजना आहे!

ही इमारत अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, कूपर्टिनो या उपनगरी गावात आहे. संगणक आणि दूरध्वनी तयार करणाऱ्या ॲपल कंपनीचे ते मुख्य कार्यालय. नाव ‘ॲपल पार्क’. तिच्या बांधकामाची एक मौज अशी, की ते सुमारे तीन वर्षे साऱ्या जगाने पाहिले. हौशी मंडळी दर महिन्याला छोटी चालकविरहित विमाने, म्हणजे ड्रोन, उडवून वरून चित्रफिती घेत आणि त्या सर्वांना पाहायला मिळत. विद्यार्थी मित्रांनो, चला, आपणही हे बांधकाम पायापासून पाहू या.

जर्दाळूच्या बागांचे खोरे

कूपर्टिनो ज्या खोऱ्यात आहे, ते एकेकाळी फळबागांसाठी प्रसिद्ध होते. जर्दाळू, आलुबुखार आणि चेरी यांच्या बागा तेथे दूरवर पसरलेल्या असत. पुढे तेथे इलेक्ट्रॉनिक उद्योग आले आणि बागा मागे हटल्या. ॲपल पार्कच्या जागेचा बराच भाग पूर्वी ह्युलेट-पॅकार्ड या कंपनीकडे होता.

ॲपलचे एक संस्थापक स्टीव्ह जॉब्झ शाळकरी वयाचे असताना त्यांना एक उपकरण बनवण्यासाठी काही सुटे भाग हवे होते. बारा-तेरा वर्षांच्या या मुलाने सरळ बिल ह्युलेट यांच्या घरी दूरध्वनी केला. ह्युलेट यांनी भाग तर दिलेच, शिवाय उन्हाळ्याच्या सुटीत कारखान्यात कामही दिले. त्याच कंपनीच्या जागेवरील नव्या कार्यालयाची योजना जॉब्झ यांनी ७ जून २०११ रोजी कूपर्टिनोच्या नगरपरिषदेपुढे मांडली. त्यानंतर चारच महिन्यांनी, ५ ऑक्टोबर २०११ रोजी त्यांचे निधन झाले. इमारत त्यांनी पाहिली नाही. तिचे वास्तुशिल्पकार होते ब्रिटनचे नॉर्मन फॉस्टर.

नगरपरिषदेची मंजुरी २०१३ साली मिळाली. जुन्या इमारती पाडण्यात आल्या आणि २०१४ साली वरून घेतलेल्या चित्रांत एक अजस्र खड्डा दिसू लागला. तो होता बांगडीच्या आकाराचा!

बांगडीचे गणित

या बांगडीचा व्यास सुमारे ४६१ मीटर आहे. परीघ किती, ते तुम्हीच काढा. उत्तर जवळजवळ १,४५० मीटर येईल. ताशी पाच किलोमीटर वेगाने चालणाऱ्या माणसाला बाहेरून एक फेरी मारायला सतरा-अठरा मिनिटे लागतील. जमिनीच्या वर इमारत अवघी चार मजल्यांची, पण तिच्यात १२,००० हून अधिक माणसे काम करू शकतात.

खड्ड्यातून निघालेल्या मातीचे डोंगर आवारातच रचलेले दिसत. नंतर हीच माती पसरून तेथे उंचवटे तयार केले गेले आणि त्यांवर झाडे लावली गेली. आज आवारात सुमारे ९,००० झाडे आहेत आणि त्यांत जर्दाळूही आहे. सुमारे १७५ एकरांच्या आवारापैकी ८० टक्के भाग हिरवा ठेवला आहे. हे साधले, कारण गाड्या उभ्या करण्याची बरीच जागा जमिनीखाली आणि बहुमजली वाहनतळांत नेली. मात्र एक गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे. योजनेत सुमारे ११,००० गाड्यांची सोय होती. म्हणजे गाड्या नजरेआड झाल्या, नाहीशा झाल्या नाहीत. उपनगरात मोठे कार्यालय काढले, की माणसांनी तेथे यायचे कसे, हा प्रश्न राहतोच.

पण आपण त्या खड्ड्याकडे परत येऊ. कारण इमारतीतील सर्वांत महत्त्वाची वस्तू तेथे बसवली गेली आणि नंतर वरून कधीच दिसली नाही.

जमीन हलते तेव्हा

कूपर्टिनोच्या पश्चिमेला काही किलोमीटरवरून सॅन अँड्रियास हा प्रसिद्ध प्रस्तरभंग जातो. येथे पृथ्वीच्या कवचाचे दोन महाकाय तुकडे एकमेकांना घासत सरकतात. सॅन फ्रान्सिस्कोचा १९०६ सालचा महाभूकंप याच प्रस्तरभंगावर झाला. १७ ऑक्टोबर १९८९ रोजी याच भागात ६.९ महत्तेचा भूकंप झाला. (महत्ता म्हणजे भूकंपात मुक्त झालेल्या ऊर्जेचे माप.) त्यात ६३ माणसे मृत्युमुखी पडली.

भूकंपात इमारत का पडते? बस एकदम सुटली, की उभा असलेला उतारू मागे झुकतो. पाय बसबरोबर पुढे जातात, पण जडत्वामुळे शरीर जागीच राहू पाहते. इमारतीचेही तसेच. जमीन पायाला ओढून नेते, वरचे मजले मागे राहतात आणि मधले खांब वाकतात.

दुसरी अडचण अनुनादाची. झोपाळ्याला त्याच्या लयीत हलके हलके झोके दिले, तरी तो उंच जातो. प्रत्येक इमारतीलाही स्वतःची एक लय असते. चार मजली इमारत एकदा इकडून तिकडे हलून परत यायला साधारणपणे अर्ध्या सेकंदाच्या आसपास वेळ घेते. घट्ट जमिनीवर भूकंपाचे जोरदार हेलकावे बहुधा एका सेकंदाहून कमी काळाचेच असतात. दोन्ही लयी जुळल्या, की झोपाळ्यासारखी गत होते. फरक एवढाच, की इमारतीला इतके झुलण्याची सवय नसते!

यावर एक उपाय म्हणजे इमारत फार मजबूत करणे. दुसरा उपाय म्हणजे जमिनीचे हलणे इमारतीपर्यंत पोचूच न देणे. याला ‘पाया-विलगीकरण’ म्हणतात. जपानमध्ये त्याचा मोठा प्रसार झालेला आहे. ॲपल पार्कसाठी हाच मार्ग निवडला गेला.

बशीची करामत

ॲपल पार्कच्या पायात स्टेनलेस पोलादाच्या ६९२ मोठ्या खोलगट बशा आहेत आणि साऱ्या इमारतीचा भार त्यांवर येतो. भूकंपात जमीन सरकली, की तिच्याबरोबर बशी सरकते. इमारतीचा आधार मात्र बशीच्या गुळगुळीत पृष्ठावरून घसरतो आणि इमारत बऱ्याच अंशी जागच्या जागी राहते. कोणत्याही दिशेला सुमारे १.२ मीटरपर्यंत सरकण्याची मुभा तिला दिलेली आहे.

बशी सपाट का नाही? सपाट असती, तर इमारत जिकडे सरकली तिकडेच राहिली असती. खोलगट बशीत कडेकडे सरकताना इमारत किंचित वर उचलली जाते आणि गुरुत्वाकर्षण तिला पुन्हा मध्याकडे आणते. हे तुम्हांला ओळखीचे वाटते का? होय, हा लंबकच आहे! दोरीला टांगलेला गोळा वर्तुळाच्या कंसावर झुलतो. येथे दोरी नाही, पण कंस आहे. बशीच्या वक्रतेची त्रिज्या हीच या लंबकाची लांबी.

लंबकाचा आंदोलनकाल गोळ्याच्या वजनावर अवलंबून नसतो, फक्त लांबीवर असतो, हे तुम्ही प्रयोगशाळेत पाहिले आहे. लांबी १ मीटर असेल, तर एका आंदोलनाला सुमारे २ सेकंद लागतात. लांबी चौपट, म्हणजे ४ मीटर केली, तर काळ दुप्पट, म्हणजे सुमारे ४ सेकंद होतो. तेव्हा उथळ बशी निवडून अभियंता इमारतीची लय भूकंपाच्या लयीपासून हवी तितकी दूर नेऊ शकतो. इमारतीत बाराशे माणसे असोत की बारा हजार, ही लय बदलत नाही! घर्षणाचे कामही मोलाचे आहे. वाऱ्याने इमारत हलत नाही ती घर्षणामुळे, आणि भूकंपानंतर तिचे झुलणे लवकर थांबते तेही घर्षणामुळेच.

अशा इमारतीभोवती मोकळी फट ठेवावी लागते. पाण्याचे नळ आणि विजेच्या तारा ही फट ओलांडतात तेथे लवचिक सांधे लागतात. नाहीतर इमारत शाबूत राहील, पण नळ तुटतील!

काच, हवा आणि ऊन

पाया झाकला गेल्यावर वरच्या कामाने वेग घेतला. कारखान्यात ओतून तयार केलेले पोकळ काँक्रीटचे ४,००० हून अधिक तुकडे आणून मजले उभे राहिले. या पोकळ्यांतून हवा खेळते. रात्रीच्या गारव्यात काँक्रीट थंड होते आणि दिवसा उष्णता शोषून घेते. आपल्याकडच्या जाड भिंतींच्या वाड्यात दुपारी गारवा का वाटतो, त्याचेच हे नवे रूप आहे. वर्षातील सुमारे नऊ महिने यंत्राने हवा गार किंवा गरम करावी लागू नये, असा आराखडा होता. छपरावर सुमारे १७ मेगावॉट क्षमतेचे सौर पट्टे बसवले गेले.

भिंतींच्या काचा जर्मनीत तयार झाल्या. काही काचा १४ मीटरपर्यंत लांब आहेत. इतक्या मोठ्या वर्तुळात १४ मीटरची काच किती वाकवावी लागेल? जीवा आणि त्रिज्या यांच्या भूमितीने उत्तर काढता येते. जीवा १४ मीटर आणि त्रिज्या सुमारे २३० मीटर घेतली, तर काचेचा मध्य टोकांपेक्षा जेमतेम १०-११ सेंटिमीटर पुढे येतो. एवढ्याशा फरकासाठी वक्र काच कशाला? कारण सपाट काचा लावल्या असत्या, तर वर्तुळ न दिसता शंभरएक बाजूंचा बहुभुज दिसला असता, आणि काचेतील प्रतिबिंब प्रत्येक सांध्याशी मोडले असते.

एप्रिल २०१७ पासून कर्मचारी तेथे येऊ लागले. वरून घेतलेल्या चित्रांत आता फक्त चकाकणारी बांगडी आणि झाडे दिसू लागली.

खरा प्रश्न

इतका खटाटोप कशासाठी? भूकंपविषयक नियमांचा पहिला हेतू असतो, इमारत कोसळू नये आणि आतील माणसे जिवंत बाहेर यावीत. त्यानंतर ती इमारत निकामी झाली, तरी नियमाची तक्रार नसते. पाया-विलगीकरणाने याहून पुढचे साधायचे असते : भूकंपानंतरही इमारत वापरात राहावी. कार्यालयाला याचा फायदा होतोच, पण रुग्णालयाला त्याची गरज अधिक. कारण भूकंपाच्या दुसऱ्या क्षणी जखमी तेथेच येणार! गुजरातेत २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात भूजचे रुग्णालय कोसळले. ते पुन्हा बांधताना त्याला पाया-विलगीकरण केलेले आहे.

आपल्या किल्लारीचा भूकंप आठवा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या या भूकंपाची महत्ता सुमारे ६.२ होती. म्हणजे कॅलिफोर्नियाच्या १९८९ च्या भूकंपापेक्षा कितीतरी कमी ऊर्जा त्यात मुक्त झाली. तरीही तेथे ६३ बळी गेले आणि येथे हजारो. भूकंप गावाच्या अगदी जवळ, कमी खोलीवर झाला आणि लोक झोपेत होते, हे खरे. पण मुख्य कारण होते दगड-मातीच्या जाड भिंती आणि त्यांवरील मातीची जड धाबी. माणसे त्यांखाली गाडली गेली.

प्रत्येक घराखाली पोलादी बशा घालणे आपल्याला परवडणार नाही, आणि त्याची गरजही नाही. छप्पर हलके असावे, भिंतींना चहूबाजूंनी बांधणारा काँक्रीटचा पट्टा असावा, कोपरे नीट सांधलेले असावेत, एवढ्यानेही कितीतरी जीव वाचतात. बशा घालणारा अभियंता आणि पट्टा घालणारा गवंडी, दोघेही एकच नियम पाळत असतात : जमीन हलणारच, हे धरूनच घर बांधायचे.

करून पाहा

गोल बुडाची कढई घ्या. तिच्यात काचेची गोटी कडेपासून सोडा आणि पाच आंदोलनांना लागणारा वेळ मोजा. मग तेवढ्याच आकाराची पोलादी गोळी सोडा. वजन कितीतरी जास्त, पण वेळ? त्यानंतर अधिक उथळ, पण गोलाकार भांडे घेऊन तोच प्रयोग करा.

दुसरा प्रयोग. ताटात एकसारख्या गोट्या पसरून त्यांवर एक गुळगुळीत फळी ठेवा. फळीवर एक वही उभी करा. शेजारी टेबलावरच दुसरी वही उभी करा. आता टेबल एकदम हलवा. कोणती वही आधी पडते आणि का, ते वहीत लिहून काढा व वर्गात आपल्या शिक्षकांना दाखवा.