कापसाचे घर आणि विस्तव

झरी जामणी तालुक्यात वेचणीचा हंगाम सुरू झाला म्हणजे अनेक शेतकऱ्यांच्या घरात कापसाचा ढीग येऊन पडतो आणि भाव चढण्याची वाट पाहात कित्येक दिवस तेथेच राहतो. त्याच घरात चूल असते, देवापुढे दिवा असतो, विजेची तार असते. अंगणात जळणासाठी पऱ्हाटी रचलेली असते. वर्षाची कमाई आणि लेकरेबाळे अशी विस्तवाच्या शेजारी नांदतात. दूरच्या पोडावर अग्निशामक गाडी पोहोचण्यास वेळ लागतो. म्हणून पहिल्या काही मिनिटांत घरच्या माणसांना काय सुचते, यावरच पुष्कळसे अवलंबून असते. हे सुचणे शिक्षणाने येते. म्हणून हा विषय प्राथमिक शाळेचा आहे.

जळणारा पदार्थ, उष्णता आणि प्राणवायू ही तीन एकत्र आल्यावाचून आग टिकत नाही. त्यांतील एक काढून घेतले की ती विझते. पेटत्या मेणबत्तीवर काचेचा पेला उपडा घालून शिक्षकांनी हे तत्त्व वर्गात दाखवावे.

कापसाची आग मात्र फसवी असते. कच्च्या कापसाच्या तंतूंवर नैसर्गिक मेणाचा पातळ थर असतो. त्यामुळे वरून ओतलेले पाणी आत सहसा मुरत नाही आणि ढिगाच्या पोटात विस्तव धुमसत राहतो. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजावरील कापसाच्या गाठी अशाच धुमसल्या. पाण्याचा सतत मारा करूनही आग आवरली नाही आणि त्याच जहाजावरील दारूगोळ्याचा दुपारी चारच्या सुमारास प्रचंड स्फोट झाला. त्यात कामी आलेल्या अग्निशामक दलाच्या जवानांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. म्हणून वरवर विझलेला कापूस बाहेर मोकळ्यावर ओढावा, उकलून भिजवावा व दुसऱ्या दिवसापर्यंत त्यावर लक्ष ठेवावे.

प्रतिबंधाचे नियम साधे आहेत. कापूस व पऱ्हाटी चुलीपासून दूर ठेवावी. कापसाच्या खोलीत दिवा, उदबत्ती वा विडी नेऊ नये. राख पूर्ण थंड झाल्यावाचून उकिरड्यावर टाकू नये. उघड्या जोडाची तार तत्काळ बदलावी.

आग लागल्यास प्रथम माणसे बाहेर काढावीत. कढईतील तेल पेटले तर पाणी ओतू नये. तेल उसळून भडका होतो. चूल बंद करून झाकण सरकवावे. विजेची आग असल्यास आधी मुख्य बटण बंद करावे. गॅसचा वास आल्यास कोणतेही बटण न दाबता रेग्युलेटर बंद करून दारेखिडक्या उघडाव्यात व बाहेर येऊन १९०६ या क्रमांकावर कळवावे. कपडे पेटल्यास धावू नये. जमिनीवर लोळावे किंवा घोंगडीत गुंडाळून घ्यावे. भाजलेल्या जागेवर वीस मिनिटे साधे थंड पाणी धरावे. हळद, शाई, तूप वा दंतमंजन लावू नये आणि फोड फोडू नयेत. मग स्वच्छ कापडाने झाकून दवाखान्यात न्यावे. रुग्णवाहिकेसाठी १०८ व तातडीच्या मदतीसाठी ११२ हे क्रमांक आहेत.

शाळेचे स्वयंपाकघरही या नियमांस अपवाद नाही. १६ जुलै २००४ रोजी तामिळनाडूतील कुंभकोणम येथे शाळेच्या स्वयंपाकघरातील आग झावळ्यांच्या छपरास लागून ९४ मुले दगावली. पोषण आहाराच्या चुलीजवळ सरपणाचा साठा नसावा. वाळूची व पाण्याची बादली सदैव भरलेली असावी.

वेचणीपूर्वी प्रत्येक विद्यार्थ्याने वडीलधाऱ्यांसह आपले घर पाहून धोक्याच्या जागा वहीत लिहाव्यात, असा स्वाध्याय द्यावा. कोलाम मुलांना हे नियम कोलामीतूनही सांगावेत. कारण संकटसमयी माणसास आधी आठवते ती आपल्या घरची भाषा.