विश्लेषण : ‘स्टार ट्रेक’मधल्या दीडशे ग्रहांच्या संघात लष्करावर अंकुश कोणाचा?

अमेरिकेने डिसेंबर २०१९ मध्ये ‘स्पेस फोर्स’ हे स्वतंत्र सैन्यदल स्थापन केले आणि पुढच्याच महिन्यात त्याचे बोधचिन्ह जाहीर झाले. समाजमाध्यमांवर लगेच खिल्ली सुरू झाली की, हे चिन्ह ‘स्टार ट्रेक’मधून उचलले आहे. बाणाच्या टोकासारखा हा त्रिकोण हवाई दलाच्या अंतराळ विभागांत १९६१ पासूनच वापरात असल्याचा खुलासा दलाला करावा लागला. म्हणजे १९६६ मध्ये सुरू झालेल्या मालिकेच्याही आधीपासून. गंमत अशी की, मालिकेतले ज्या संघटनेचे लोक हे चिन्ह छातीवर लावतात, ती ‘स्टारफ्लीट’ आपण लष्कर नाहीच असे सांगते. मग ती आहे तरी काय आणि तिचा मालक कोण?

ग्रहसंघाचा कारभार कसा चालतो?

कथेनुसार ‘युनायटेड फेडरेशन ऑफ प्लॅनेट्स’ची स्थापना २१६१ साली झाली. मानव, व्हल्कन, अँडोरियन आणि टेलराइट हे चार संस्थापक. चोविसाव्या शतकात सदस्य ग्रह दीडशेच्या वर जातात आणि संघ आठ हजार प्रकाशवर्षांत पसरतो. अध्यक्षांचे कार्यालय पॅरिसमध्ये, तर स्टारफ्लीटचे मुख्यालय सॅन फ्रान्सिस्कोत. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेवर १९४५ मध्ये याच शहरात सह्या झाल्या होत्या. संघाच्या चिन्हातल्या दोन फांद्याही थेट संयुक्त राष्ट्रांच्या चिन्हाची आठवण करून देतात.

सदस्यत्वाच्या अटी कडक आहेत. ‘डीप स्पेस नाइन’ मालिकेच्या ‘अॅक्सेशन’ या १९९६ मधल्या भागात बजोर ग्रहावर जन्मावरून व्यवसाय ठरवणारी जुनी जातव्यवस्था परत आणण्याचा प्रयत्न होतो. जातीवर आधारित भेदभाव संघाच्या सनदेत बसत नाही, सबब तुमचा अर्ज नामंजूर होईल, असे बजोरला स्पष्ट सांगितले जाते. भारतीय प्रेक्षकाने हा भाग जरूर पाहावा.

पण सरकार म्हणून पडद्यावर दिसते ते एवढेच. निवडणूक, अर्थसंकल्प, प्रश्नोत्तरे जवळपास गायब. दिसतात ती जहाजे, कॅप्टन आणि अॅडमिरल. लेखकांना रस जहाजात होता, हे त्याचे साधे कारण. परिणाम मात्र असा झाला की, साऱ्या संघात नागरी सरकार कायम पाहुण्या कलाकारासारखे वावरते.

स्टारफ्लीट लष्कर की संशोधन संस्था?

‘नेक्स्ट जनरेशन’ मालिकेत कॅप्टन पिकार्ड ठामपणे सांगतो की, स्टारफ्लीट लष्करी संघटना नाही, तिचे काम शोधमोहिमांचे आहे. ऐकायला छान. पण हुद्दे नौदलाचे, जहाजांवर फेझर आणि फोटॉन टॉर्पेडो, आणि शिस्त मोडली तर कोर्ट मार्शल. निर्माता जीन रॉडनबेरी स्वतः दुसऱ्या महायुद्धात बॉम्बर विमानाचा वैमानिक होता, हे इथे लक्षात घ्यायला हवे.

थोडक्यात, इस्रो, नौदल आणि परराष्ट्र खाते एकाच गणवेशात. याची खरी अडचण अशी की, धोका किती मोठा आहे हे सांगणारेही तेच आणि त्यावर उपाय म्हणून जादा अधिकार मागणारेही तेच. सरकारकडे पडताळून पाहायला दुसरा डोळाच नाही.

बंडाचा प्रयत्न कसा झाला?

हीच अडचण ‘डीप स्पेस नाइन’ने जानेवारी १९९६ मध्ये ‘होमफ्रंट’ आणि ‘पॅराडाइज लॉस्ट’ या जोडभागांत उघडी केली. शत्रू आहे ‘चेंजलिंग’, कोणाचेही रूप घेऊ शकणारा. पृथ्वीवर बॉम्बस्फोट होतो. अॅडमिरल लेटन रक्तचाचण्यांचा आग्रह धरतात. अध्यक्ष जरेश-इन्यो कचरतात. मग अचानक सगळ्या पृथ्वीची वीज जाते, संरक्षण यंत्रणा बंद पडते. आता नाही म्हणायची सोय उरत नाही. आणीबाणी जाहीर होते, रस्त्यांवर सशस्त्र जवान उभे राहतात.

नंतर कळते, वीज घालवली होती लेटन यांच्याच हुकमावरून, स्टारफ्लीट अकादमीतल्या निवडक कॅडेट्सनी. शत्रूचा यात हातच नव्हता. पृथ्वीवर आपले फक्त चार जण आहेत, असे एक चेंजलिंग कॅप्टन सिस्कोला हसत सांगतो. फक्त चौघांमुळे एवढी दहशत, बाकीचे काम यंत्रणेने स्वतःच केले.

यातला सगळ्यात शहाणा माणूस अॅडमिरल नाही की अध्यक्ष नाही. तो आहे सिस्कोचा म्हातारा बाप जोसेफ, न्यू ऑर्लिन्समध्ये खाणावळ चालवणारा. तो चाचणीला नकार देतो. वर विचारतो, चेंजलिंगने दुसऱ्याचे रक्त साठवून ठेवले आणि चाचणीच्या वेळी तेच दिले तर? ज्या चाचणीसाठी घराघरात संशय शिरला, ती मुळात बिनकामाची असू शकते. पुढे लेटन त्याच चाचणीत फेरफार करून सिस्कोलाच चेंजलिंग ठरवतात आणि कोठडीत टाकतात.

बंड फसते ते संसदेमुळे किंवा न्यायालयामुळे नव्हे. पुरावा घेऊन येणारे ‘डिफायंट’ जहाज नष्ट करण्याचा हुकूम ‘लकोटा’ची कॅप्टन अखेर मानत नाही, म्हणून. लेटन राजीनामा देतात. घटना वाचली, पण एका अधिकाऱ्याच्या सद्सद्विवेकावर.

‘सेक्शन ३१’ काय आहे?

याच मालिकेने १९९८ मध्ये ही गुप्त शाखा आणली. स्टारफ्लीटच्या मूळ सनदेत संकटकाळी असाधारण उपाय करायला मुभा देणारे एक कलम आहे, त्यावरून हे नाव. कोणाला उत्तर द्यायचे नाही, कागदावर अस्तित्वही नाही. युद्धात ही शाखा शत्रूचा पुरा वंश मारू शकणारा रोग पसरवते. आदर्श संघाच्या पोटात असे काही असणे रॉडनबेरींना रुचले असते का, यावर चाहते आजही भांडतात.

खऱ्या अवकाशात काय नियम आहेत?

‘फेडरेशन’ हे नाव मालिकेत पहिल्यांदा आले ते १९ जानेवारी १९६७ च्या ‘अरीना’ या भागात. त्यानंतर आठच दिवसांनी बाह्य अवकाश करार सह्यांसाठी खुला झाला. कराराचे चौथे कलम अण्वस्त्रे आणि इतर महासंहारक अस्त्रे कक्षेत ठेवायला मनाई करते. चंद्रावर लष्करी तळ, शस्त्रचाचण्या, कवायतीही नाहीत. मात्र संशोधनासाठी लष्करी माणसे वापरायला तेच कलम परवानगी देते.

त्यामुळे १९८४ मध्ये गेलेले राकेश शर्मा हवाई दलाचे, २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर गेलेले शुभांशु शुक्ला हवाई दलाचे, आणि गगनयानसाठी निवडलेले चौघेही हवाई दलाचेच. २७ मार्च २०१९ रोजी भारताने ‘मिशन शक्ती’मध्ये क्षेपणास्त्राने स्वतःचाच उपग्रह पाडला, तेव्हाही कराराचा भंग झाला नाही. साधी, महासंहारक नसलेली अस्त्रे अवकाशात वापरण्याबद्दल चौथे कलम गप्प आहे.