गुंटूरची धर्मशाळा

धनत्रयोदशीस धन्वंतरीपुढे दीप लावताना आम्हांस आंध्रातील गुंटूर आठवते. अमेरिकेतील लूथरपंथी ख्रिस्ती मंडळींनी १८८३ साली ॲना कुगलर या विदुषीस तेथे धाडले. त्या डॉक्टर होत्या; परंतु काम नेमून दिले ते शिक्षिकेचे! इकडे परपुरुष वैद्यास नाडीही न दाखविणाऱ्या कुलस्त्रिया उपचारावाचून खितपत होत्या. कुगलरबाईंनी औषधोपचार आरंभिलेच. मंडळींची संमती मागाहून आली. १८९८ साली रुग्णालय उभे राहिले. पुढे राणीसाहेबांस तेथे गुण आला, म्हणून एलूरच्या हिंदू राजेसाहेबांनी रुग्णांच्या आप्तांसाठी जवळच धर्मशाळा बांधून दिली. या कृतज्ञतेचे आम्हांस विशेष अप्रूप वाटते. १९३० साली बाईंनी देह ठेवला, तोही त्याच रुग्णालयात.