एका मिनिटाचे श्वास

खोकला, सर्दी व ताप असलेले मूल घेऊन आई दवाखान्यात आली, म्हणजे आम्हां डॉक्टरांपुढे पहिला प्रश्न औषधाचा नसतो. ही साधी सर्दी, की न्यूमोनिया, हा तो प्रश्न होय. बहुतेक सर्दी-खोकले विषाणूंमुळे होतात. त्यांवर अँटिबायॉटिकचा उपयोग नाही. उलट न्यूमोनियात उपचारास विलंब झाल्यास लहानगा जीव हातचा जातो.

तापाच्या आकड्यावरून किंवा खोकल्याच्या आवाजावरून याचा उलगडा होत नाही. न्यूमोनियात फुप्फुसे ताठर होतात, आत हवा कमी मावते, आणि ही उणीव मूल भरभर श्वास घेऊन भरून काढते. म्हणून मूल शांत असताना, आईच्या मांडीवरच, छाती-पोट उघडे करून घड्याळावर पूर्ण एक मिनिट श्वास मोजावयाचे असतात. रडताना किंवा दूध पिताना मोजलेला आकडा खरा नव्हे. अर्धा मिनिट मोजून दुप्पटही करू नये. तान्ह्या मुलाचा श्वास एकसारखा चालत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादा अशा आहेत. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे श्वास मिनिटास ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक, आणि एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक असल्यास ते जलद समजावेत.

हे काम डॉक्टरांनीच करावयास हवे असे नाही. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी गावोगावच्या आरोग्यसेवकांना व सुइणींना ते शिकविले. मोजणी न येणाऱ्यांसाठी मणी व वाळूचे घड्याळ असलेले साधे साधन केले. जेथे असे निदान व उपचार झाले, तेथे न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू शेजारच्या गावांपेक्षा कमी झाले, हे त्यांनी १९९० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केले.

तेव्हा घरीही श्वास मोजावेत व आकडा डॉक्टरांस सांगावा. मात्र श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडणे, दूध-पाणी न घेणे, घेतलेले सर्व उलटून पडणे, आकडी येणे किंवा मूल निपचित पडणे, यांपैकी एकही लक्षण दिसल्यास मोजीत बसू नये. तडक इस्पितळ गाठावे. दोन महिन्यांच्या आतील बाळाला ताप आला किंवा त्याचा श्वास जलद झाला, तरीही हेच करावे.