ओठांवाचूनचे नायक

बारामतीत, कऱ्हेच्या काठी, बाबूजी नाईकांच्या आश्रयाला राहून मोरोपंतांनी (१७२९–१७९४) एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली. रामायणं एकशे आठ, अशी ख्याती. गोष्ट तर ऐकणाऱ्यांना पाठ. मग दर वेळी नवं काय? नियम! पंत स्वतःलाच अवघड अटी घालून घेत. त्यातलं एक रामायण निरोष्ठ, म्हणजे ओठाला ओठ लागेल असं अक्षरच वापरायचं नाही. आता ‘राम’ म्हणून पाहा. मिटले ना ओठ? रामायण सांगायचं आणि रामाचं नावच घ्यायचं नाही!

आता थेट १९८१ च्या जपानात, क्योतोला चला. शिगेरू मियामोतो ‘डाँकी काँग’ या गेमसाठी एक बुटका सुतार घडवत होते. अख्खा माणूस मोजक्या ठिपक्यांत बसवायचा होता आणि एवढ्याशा जागेत तोंड काही नीट उमटेना. म्हणून झुबकेदार मिशा आल्या. केस जमेनात, म्हणून टोपी आली. पुढे जगभर गाजलेला मारिओ तो हाच. बारामतीचा कवी आणि क्योतोचा चित्रकार, दोघांचीही कसोटी ओठांपाशीच लागावी, याची मला भारी मौज वाटते.

त्या मारिओला भूतकाळ नव्हता, भीती नव्हती. होत्या त्या फक्त उड्या. यंत्रांची ताकद वाढली तसे पात्रांना चेहरे आले, आवाज आले. १९९६ च्या गेममधली नायिका लारा क्रॉफ्ट दोन पिस्तुलं घेऊन बेधडक फिरायची. २०१३ च्या गेममध्ये तीच लारा जहाज फुटून बेटावर अडकते, विव्हळते, घाबरते. पण खरी कमाल चित्रात नाही. नियमच गोष्ट सांगू लागले, ही खरी कमाल.

उदाहरण आपल्या पुण्यातलंच आहे. नॉडिंग हेड्स गेम्स या स्टुडिओचा ‘राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक’ २०२० मध्ये आला आणि त्याच वर्षी ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणातल्या सर्वोत्तम गेमसाठी त्याला नामांकन मिळालं. राजी ही कसरती करून पोट भरणाऱ्यांतली पोर. असुर तिच्या धाकट्या भावाला, गोलूला, पळवून नेतात आणि ती त्याच्या शोधात निघते. दुर्गा आणि विष्णू वरून पाहत तिच्याविषयी बोलत राहतात. पण तिचं कसरतींतलं आयुष्य खरं उलगडतं ते तुमच्या अंगठ्यांतून. खांबाला विळखा घालून गिरकी घ्या, भिंतीवर धावत जाऊन त्रिशूळ चालवा; चार लढायांत तुम्हालाच उमगतं, की ही डोंबाऱ्याच्या खेळात मुरलेली आहे. सिनेमात आपण नायिकेसाठी हळहळतो. इथे उडी चुकली तर ती आपलीच चुकलेली असते.

मोबाइलवरच्या बीजीएमआयसारख्या लढाईच्या खेळात तर लेखकाचं फारसं कामच नाही. शंभर जण विमानातून उड्या टाकतात, एक टोळी उरते. गोष्ट तयार होते ती नंतर, इंदापूरच्या एसटी स्टँडवर पोरं एकमेकांना डाव रंगवून सांगतात तेव्हा.

आणि खेळात घेतलेलं हे सोंग आपल्यालाही थोडं बदलतं. निक यी आणि जेरेमी बेलेन्सन यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काहींना आभासी जगात उंच देह दिला, काहींना बुटका. मग पैशांची वाटणी करायला सांगितली. उंच देहवाले घासाघीस करू लागले. बुटक्यांनी अन्यायाची वाटणीही अधिक सहज मान्य केली. खऱ्या उंचीचा इथे काही संबंध नव्हता! या प्रकाराला ‘प्रोटियस परिणाम’ म्हणतात.

बारामती-इंदापूरच्या कॉलेजांतल्या मुलामुलींना म्हणूनच एक सुचवणं आहे. गेम बनवण्याचं ‘गोडो’ हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. पंतांची अट उचला आणि ज्यात नायकाचं नाव घेताच डाव संपतो, असा एखादा गेम करा. हरायला मी तयार आहे.