साठीनंतरची भटकंती: हौस आत्ताच का जागी होते, आणि सवलत नेमकी कुठे मिळते?

साठी ओलांडलेल्या बाईला ‘तुम्ही कुठे कुठे गेलात?’ असं विचारलं, तर गावांची यादी मोठी निघते. कारणं विचारली की चित्र बदलतं. लेकीचं बाळंतपण, भाच्याचं लग्न, कुणाचा तरी दहावा. दहा वेळा पुण्याला जाऊनही शनिवारवाडा आतून पाहिलेला नसतो. पुरुषांचीही रजा बहुधा मुलांच्या परीक्षांत आणि आई-वडिलांच्या आजारपणातच संपलेली असते. नुसतं पाहायला म्हणून केलेला पहिला प्रवास अनेकांच्या वाट्याला निवृत्तीनंतरच येतो.

महाराष्ट्रात या हौसेला एसटीने मोठा हातभार लावला आहे. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षं पूर्ण झालेल्यांना एसटीचा प्रवास मोफत आहे आणि ६५ ते ७५ वयोगटाला निम्मं भाडं. १७ मार्च २०२३ पासून सर्व वयाच्या महिलांनाही अर्धं तिकीट लागू झालं. त्यामुळे ६० वर्षांच्या बाईला अर्ध्या तिकिटासाठी पासष्टीची वाट पाहावी लागत नाही. पैसे वाचतात हे खरंच, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे भाडं इतकं कमी झालं की मुलाकडे किंवा नवऱ्याकडे पैसे मागावे लागत नाहीत. आणि पैसे मागायचे नसले, की परवानगीचा प्रश्नही बराच सैल होतो.

वयाच्या पुराव्यासाठी आधार कार्ड जवळ ठेवावं. मोफत प्रवास असला तरी वाहक शून्य रुपयांचं तिकीट देतो, ते घ्यावंच. सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच असते. कोल्हापूरहून बेळगावला जाताना सीमेपलीकडचं भाडं भरावं लागतं.

रेल्वेचं उलट झालं. पुरुषांना ६० व्या वर्षापासून ४० टक्के आणि महिलांना ५८ व्या वर्षापासून ५० टक्के सूट होती. मार्च २०२० मध्ये ती थांबवण्यात आली. ज्येष्ठांसाठी खालच्या बर्थचा कोटा मात्र आहे. तो पुरुषांना ६० पासून आणि महिलांना ४५ पासून लागू होतो. इथे एक गोम आहे. हा कोटा एकट्या किंवा दोन प्रवाशांच्या तिकिटालाच मिळतो. सगळ्या कुटुंबाचं तिकीट एकत्र काढलं, की आजोबांच्या वाट्याला वरचा बर्थ येऊ शकतो.

खरी अडचण बहुतेक वेळा गुडघ्यांची नसते, स्वच्छतागृहाची असते. वाटेत सोय नसेल या भीतीने अनेक बायका सकाळपासून पाणीच पीत नाहीत. उन्हाळ्यात हे थेट चक्कर येण्यापर्यंत जातं. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी लघवी वाढते. म्हणून त्या दिवशी गोळी आपल्या मनाने बुडवू नये. ती कधी घ्यायची हे आधीच डॉक्टरांना विचारावं. लांबच्या थेट गाडीपेक्षा मोठ्या स्थानकावर उतरून पुढची गाडी धरणं अशा वेळी सोयीचं पडतं.

सुरुवात आठ दिवसांच्या टूरनेच करायला हवी असं नाही. साताऱ्याहून वाई एसटीने साधारण तासाभरावर आहे. ढोल्या गणपती, कृष्णेचा घाट, जवळच मेणवलीचा नाना फडणवीसांचा वाडा, हे सगळं एका दिवसात आरामात होतं. शनिवार-रविवार टाळून मंगळवार-बुधवार धरला तर बसायला जागाही मिळते. वाईला उतरल्याबरोबर चौकशी खिडकीवर परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ विचारून घ्यावी.