एक सेकंद, १९ सेंटिमीटर

काळ पट्टीने मोजता येतो का? स्पूलच्या टेपरेकॉर्डरवर येतो! घरगुती यंत्राच्या वरच्या वेगाला दर सेकंदाला सुमारे १९ सेंटिमीटर फीत हेडपुढून सरकते. गवयाने सेकंदभर धरलेला षड्ज तेवढ्या तुकड्यात मावतो. म्हणून तर जुने ध्वनिमुद्रक मध्येच आलेला खोकला ब्लेडने कापून काढत आणि उरलेली टोकं चिकटपट्टीने जोडत.

फितीवर आवाज साठवण्याची ही करामत सुचली फ्रिट्झ फ्लॉइमर या अभियंत्याला. सिगारेटच्या टोकावर सोनेरी पट्टा चिकटवण्याचं तंत्र त्याच्या हातात होतं. १९२८ मध्ये त्याने कागदी फितीवर लोखंडाची पूड चिकटवली आणि तिच्यावर आवाज साठवला. १९३५ मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात जर्मन कंपनी एईजीने 'मॅग्नेटोफोन' हा टेपरेकॉर्डर मांडला.

आता हिशेब पाहा. १०,००० हर्ट्झचा तार आवाज म्हणजे त्याच १९ सेंटिमीटरमध्ये दहा हजार आवर्तनं. एकेक आवर्तन मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढं, केसाहूनही बारीक! वेग दुप्पट केला की प्रत्येकाला दुप्पट जागा मिळते. स्टुडिओत फीत ३८ सेंटिमीटरने पळायची ती यासाठीच. आणि हेडवर जरा मळ बसून फीत उचलली गेली, की आधी हरवते ती झांजेची चमक. त्यामुळे स्पूलच्या छंदाचा पहिला धडा म्हणजे सफाई: कापसाची काडी आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल.

यंत्र घेताना चकाकीला भुलू नका. हेड झिजून त्यावर खाच पडली आहे का, रबरी रोलर कडक झाला आहे का, ते बघा. परदेशी यंत्र असेल तर विजेची वारंवारताही विचारा. काही यंत्रांची मोटर तिच्यावरच चालते. ६० हर्ट्झसाठी बनवलेलं असं यंत्र आपल्या ५० हर्ट्झवर मंदावतं आणि षड्ज थेट मंद्रातल्या शुद्ध धैवतावर उतरतो!

जुन्या फितीही जपून वाजवा. १९७०-८०च्या दशकांतल्या काही फितींचा डिंक हवेतली ओल शोषून चिकट होतो. फीत किंचाळू लागली किंवा हेडवर तपकिरी थर साचला, तर यंत्र लगेच थांबवा. असा आवाज वाचवता येतो, पण ते जाणकाराचं काम.

म्हणून नव्याने घेतलेल्या यंत्रावर आजोबांच्या आवाजाचं एकुलतं एक रीळ लावू नका. आधी गेली तरी चालेल अशी फीत लावा, आणि आजोबांची वाजवाल तेव्हा पहिल्याच फेरीत संगणकावर उतरवून घ्या.